माळढोक आणि त्याचा आफ्रिकेतला भाऊबंद
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)

मला दिलेली पाच मिनिटं मी नामिबियावर घालवणार आहे. जावई तिकडे नोकरीला, म्हणून गेल्या वर्षी आम्ही दोघं जाऊन आलो.

तिथलं इटोशा राष्ट्रीय उद्यान पाहिलं. सुमारे २२ हजार चौरस किलोमीटर! मधोमध कोरडं, खारट, पांढरं तळं. भाईंदरच्या मिठागरांसारखं, पण नजर पोचेल तिथपर्यंत. कोरड्या मोसमात पाणवठ्याशी गाडी लावून बसायचं. हत्ती, झेब्रे, जिराफ आपणहून येतात. सगळे सिंहाकडे बघत होते. मी मात्र गवतातून ऐटीत चालणाऱ्या एका मोठ्या पक्ष्याकडे. त्याचं नाव कोरी बस्टर्ड. आपल्या माळढोकाचा सख्खा भाऊबंद.

मी सोलापूरकडचा. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ चं. कागदावर ते पसरलं ८,४९६ चौरस किलोमीटर. त्यात शेतं, गावं, रस्ते, सगळंच आलं. आमच्या वडिलांना बहिणीच्या लग्नासाठी दोन एकर विकायची होती, परवानगीच्या चकरांत तीन वर्षं गेली. आमच्या घरात माळढोक म्हणजे अडकलेला सातबारा! पुढे ते क्षेत्र कमी होऊन १,२२२ वर आलं, तोवर पक्षीच संपत आला होता. मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या माळावर. माळ नांगरला, विजेच्या तारा आल्या, की संपलं.

नामिबियाने १९९६ मध्ये कायदा बदलून उद्यानांबाहेरच्या गावकऱ्यांना त्यांच्या भागातल्या वन्यप्राण्यांवर हक्क दिला. पर्यटनाचा पैसा गावाच्या संस्थेत जमा होतो. शिकारीच्या परवान्यांचाही होतो, ते मला काही पटत नाही. पण प्राणी जगला तर गावाला चार पैसे, हा हिशेब वडिलांना नक्की कळला असता.

२०२२ मध्ये तिथूनच आठ चित्ते कुनोला आले. टीव्हीवर आपण सगळ्यांनी पाहिलं. चित्ताही माळरानाचाच. आपण माळाला पडीक म्हणतो. इथे अंजूरलाही मोकळी जागा दिसली की गोडाऊनच आठवतं.

मघाशी मुलांनी विचारलं, नान्नजला जाऊ का? जरूर जा. सोलापूरहून बार्शी रस्त्याने वीसेक किलोमीटर. काळवीट दिसतील, नशीब असेल तर लांडगा. माळढोक बघायचा तर आता जैसलमेर गाठावं लागेल.