डोळा तेवढा तसाच ठेवा

थंडीत सकाळी उजनीच्या फुगवट्यावर होडीतून गेलात, तर कुंभारगावच्या बाजूला रोहित पक्ष्यांचे थवे दिसतात. होडीत बसलेल्या बहुतेकांकडे आज चांगला कॅमेरा असतो, आणि फोटोही पीस न् पीस मोजता यावं इतके स्वच्छ येतात. असा एखादा फोटो संगणकावर घेऊन त्याला जलरंगाचं किंवा तैलरंगाचं रूप द्यायची हौस आता पुष्कळांना लागली आहे. काही जाणते पक्षीमित्र यावर नाक मुरडतात. मला ही हौस मोलाची वाटते. मात्र ती करणाऱ्याला पक्षी माहीत हवा, एवढं माझं आग्रहाचं म्हणणं आहे.

हे रूप येतं कसं, ते आधी पाहू. १९७६ मध्ये कुवाहारा या जपानी संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हृदयाच्या वैद्यकीय प्रतिमांसाठी एक रीत मांडली. प्रतिमेतला एकेक ठिपका घ्यायचा, त्याच्या भोवतीचे चार चौकोन तपासायचे आणि ज्या चौकोनात छटा सर्वांत कमी बदलते, त्याची सरासरी त्या ठिपक्याला द्यायची. त्यामुळे बारीक खरखर जाते, कडा मात्र शाबूत राहतात. कडा ठळक आणि आतला रंग सपाट, म्हणजे कुंचल्याचा फटकाराच की! चित्रासारखं रूप देणाऱ्या कितीतरी फिल्टरांमध्ये हीच युक्ती सुधारून वापरली आहे.

अडचण अशी, की खरखर कोणती आणि पीस कोणतं हे फिल्टरला कळत नाही. नदीकाठच्या छोट्या खंड्याचंच बघा. त्याच्या निळ्या पाठीत निळं रंगद्रव्य नसतंच. पिसांच्या आतली स्पंजासारखी सूक्ष्म रचना उजेड अशी विखुरते, की आपल्याला निळं दिसतं. म्हणून ती निळाई कुठे फिकी, कुठे लखलखती असते. तिची सरासरी काढली, की भिंतीला ऑइलपेंट फासावा तसा पट्टा उरतो. अशा वेळी मी मूळ फोटो खालच्या लेअरवर आणि फिल्टर लावलेला वरच्या लेअरवर ठेवतो. वरच्याला मास्क लावून पाठीवरून मऊ ब्रश हलक्या जोराने फिरवतो, म्हणजे खालची लखलख थोडी थोडी वर येते. डोळ्यावर मात्र पूर्ण जोर लावायचा आणि तिथला फिल्टर साफ पुसायचा. डोळ्यातला उजेडाचा ठिपका कधी कधी मोजक्या पिक्सेलांचाच असतो, सरासरीत पहिला बळी त्याचा जातो. तो गेला, की पक्षी पेंढा भरलेला वाटतो. चोचीची धार आणि फांदी पकडलेली नखंही अशीच जपावीत.

रोहितांना हा प्रकार मुळातच मानवतो. रंगाचे मोठे, शांत भाग, मानांचे बाक, पाण्यातली थरथरती प्रतिबिंबं. जलरंगाला आणखी काय हवं? वटवट्याला मात्र हात न लावलेला बरा. भुवईची फिकट रेघ, पंखावरचा बारीक पट्टा अशा खुणांवरूनच त्याची जात ओळखायची, आणि फिल्टर नेमकं तेच पुसतो.

रंगांच्या बाबतीतही जपावं लागतं. आपला राज्यपक्षी हरियाल घ्या. त्याचे पाय पिवळे, तर आपल्याकडच्या इतर हिरव्या कबुतरांचे तांबडे. संध्याकाळचा भास यावा म्हणून सगळ्या फोटोवर तांबूस छटा चढवली, तर पाहणाऱ्याला पक्षी भलताच वाटू शकतो.

पक्षी जाणणारी नजर काय करते, ते जुन्या चित्रातही दिसतं. जहांगीरच्या दरबारातल्या उस्ताद मन्सूरने सायबेरियन क्रौंच रंगवला. युरोपीय शास्त्राने त्या पक्ष्याचं वर्णन केलं १७७३ साली, मन्सूरचं चित्र त्याच्या शंभरहून अधिक वर्षं आधीचं. कोलकात्याच्या इंडियन म्युझियममधल्या त्या चित्रात पायांवरच्या सुरकुत्याही दिसतात. काय ठेवायचं हे मन्सूरच्या नजरेने ठरवलं होतं. आपल्याकडे फिल्टरचा स्लायडर आहे म्हणून ते त्याच्यावर सोपवू नये.

आणि पक्षीनोंदीसाठी द्यायचा फोटो नेहमी मूळचाच द्यावा. त्या नोंदीवर उद्या कुणीतरी विसंबणार आहे. चित्ररूपाची फाइल वेगळी ठेवावी आणि तिच्या नावातच तसं लिहावं.

शेवटी छपाईबद्दल. फटकाऱ्याची जाडी पिक्सेलांत मोजली जाते. फोनवर झोकदार वाटलेला फटकारा इंचाला ३०० ठिपक्यांच्या छपाईत दिसेनासा होऊ शकतो. सहा पिक्सेल म्हणजे तिथे जेमतेम अर्धा मिलिमीटर. तेव्हा चित्र केवढं छापायचं ते आधी ठरवा, फोटो त्या मापाचा करा, मग फिल्टर लावा. कागद शक्यतो चकाकी नसलेला घ्या आणि पूर्ण चित्र छापण्याआधी डोळा आणि चोच येईल एवढी पट्टी त्याच कागदावर छापून पाहा.