मुलांचा रविवार कोणाचा?

(सातारा व सांगली जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



‘कुमारवय आणि छंद’ असे साधेसुधे नाव आजच्या विषयाला दिलेले आहे. राजकीय कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात हा विषय कशाला, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवले. माझ्या दृष्टीने हा प्रश्न वाटपाचा आहे. जमीन, भांडवल आणि पाणी यांच्या विषम वाटपावर आपली चळवळ उभी राहिली. वेळेचे वाटपही तितकेच विषम असते आणि त्याची पहिली झळ चौदा ते अठरा या वयाला बसते.

सातारा किंवा सांगली शहरातील मध्यमवर्गीय घरातला अकरावीचा विद्यार्थी डोळ्यांसमोर आणा. पहाटे शिकवणी, दिवसा महाविद्यालय, संध्याकाळी पुन्हा शिकवणी, रात्री सराव-परीक्षेची तयारी आणि रविवारी प्रत्यक्ष सराव-परीक्षा. मधल्या फटीत गणेशोत्सवाचे ढोलपथक, वक्तृत्वस्पर्धा, तालीम आणि मोबाईल. अशा एका मुलीने मला आपला आठवडा कागदावर मांडून दाखवला. शेवटी तिने विचारले, “सर, यातले माझे कोणते?” प्रश्न साधा होता, पण मालकी हक्काचा होता.

त्याच वयाचा दुसरा मुलगा याच जिल्ह्यांतल्या उसाच्या फडात दिसतो. बीडहून किंवा जतहून आईबापांबरोबर आलेला. ऊसतोडीच्या हिशेबात नवराबायको मिळून एक कोयता आणि एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मुकादमाची उचल फिटावी म्हणून हा मुलगा मोळ्या बांधतो, वाहतो. त्याची बहीण खोपीवर धाकटी भावंडे सांभाळते, पाणी भरते, भाकऱ्या थापते. त्यांचाही दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत भरलेला आहे. दोघांनाही आपण ‘कामात गुंतलेली मुले’ म्हणू शकतो. परंतु एकाचा वेळ भविष्यासाठी गहाण पडला आहे, तर दुसऱ्याचा वर्तमानाच्या कर्जापोटी. सोडवून घ्यायची वेळ आली, तर पहिल्याच्या पाठीशी घर आहे. दुसऱ्याच्या पाठीशी कोणी नाही.

येथे कामगार चळवळीचा इतिहास आठवला पाहिजे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांमुळे मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० साली रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळाली. ती मागताना केवळ थकल्या शरीराचा विचार नव्हता. तो दिवस कामगाराने समाजाच्या कामासाठी वापरावा, ही सत्यशोधकी दृष्टी तिच्यामागे होती. जगभरच्या कामगारांनी दिवसाचे तीन भाग मागितले ते याच न्यायाने : आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि आठ तास स्वतःचे. प्रौढांनी लढून मिळवलेला रविवार आज त्यांचीच मुले सराव-परीक्षेच्या बाकावर गमावत आहेत, आणि तो गेल्याची नोंद कोठेही होत नाही.

छंदालाही अर्थशास्त्र असते. आदिती स्वामी या साताऱ्याच्या मुलीचे उदाहरण घ्या. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिन येथे, वयाच्या सतराव्या वर्षी, ती कंपाऊंड तिरंदाजीत वैयक्तिक विश्वविजेती झाली. उसाच्या शेतातल्या मैदानावर तिचा सराव झाला. तिला जवळ पडावे म्हणून कुटुंब गावाहून साताऱ्यास राहावयास आले आणि शिक्षक असलेल्या वडिलांनी धनुष्यबाणासाठी कर्ज काढले. तिच्या यशाचा अभिमान आपणा सर्वांना आहेच. परंतु कर्ज काढण्याची पत नसलेल्या घरात अशीच एखादी नजर आणि असाच स्थिर हात असेल, तर त्याचे काय होते? तो हात कोयता धरतो. पदकाचा सत्कार सारे गाव करते. सरावाचा खर्च मात्र एकेका घराला सोसावा लागतो. समाजवाद्यांनी बोट ठेवावे ते या विसंगतीवर.

शिवाय प्रत्येक छंदातून पदक निघावे, हा हट्टही बाजारू आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्यात जन्मले व शिकले, सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात गेले आणि मिरजेला डॉक्टर झाले. या साऱ्या वाटेवर ते कबड्डी खेळत राहिले, नामवंत खेळाडू झाले. प्रतिपक्षाच्या अंगणात एकट्याने शिरायचे, दम टिकवायचा आणि परत यायचे, हा त्या खेळाचा धर्म. पुढील आयुष्यात तो त्यांना किती उपयोगी पडला असेल, याचा हिशेब कोणी आधी मांडला नव्हता, आणि मांडताही आला नसता.

कायदा काय म्हणतो? संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क कराराचे एकतिसावे कलम अठरा वर्षांखालील प्रत्येकाला विश्रांती, फुरसत व खेळ यांचा हक्क देते. भारताने तो करार १९९२ साली स्वीकारला. प्रत्यक्षात २००९ चा शिक्षणहक्क कायदा चौदाव्या वर्षी थांबतो. बालमजुरीच्या कायद्यात २०१६ साली झालेल्या दुरुस्तीनुसार चौदा ते अठरा या वयात केवळ धोकादायक कामांना बंदी आहे. म्हणजे मूल मोठे होऊ लागते, नेमके त्याच वळणावर राज्यसंस्था त्याचा हात सोडते.

या मातीला हा प्रश्न नवा नाही. १९४९ साली वेगळे होईपर्यंत आजचे हे दोन्ही जिल्हे बव्हंशी एकच सातारा जिल्हा होते. त्या जिल्ह्यात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह उघडले. तेथील मुले राबत होती. परंतु त्या राबण्याचे फळ त्यांच्याच शिक्षणाला मिळत होते आणि शेजारी बसून जेवणारा मुलगा कोणत्या जातीचा, हे विचारले जात नव्हते. ‘कमवा आणि शिका’ आणि ‘कमव, शिकू नकोस’ यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. श्रम वाईट नव्हेत. दुसऱ्याच्या कर्जासाठी मुकाट्याने केलेले श्रम वाईट.

अलीकडचा एक प्रयोग सांगतो. कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली ठरवले की, संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजला की दीड तास घरोघरचे दूरदर्शन संच आणि मोबाईल बंद. हे कोणा सरकारी फतव्याने नव्हे, तर गावाने एकत्र बसून ठरवले, आणि बंधन थोरांवरही तितकेच घातले. मुलाच्या हातचा मोबाईल काढून आपण स्वतः मालिका पाहत बसणाऱ्या पालकांना यात पुष्कळ शिकण्यासारखे आहे. मात्र भोंगा वेळ मोकळा करतो. त्या वेळेत काय करावे, हे तो सांगत नाही. तो सारा वेळ पाठ्यपुस्तकालाच द्यायचा, की त्यात थोडे गाणे, थोडे भांडण, थोडे निरुद्देश बसणेही चालेल, हे मुलांना विचारले गेले पाहिजे.

म्हणून कार्यकर्त्यांना माझ्या तीन सूचना आहेत. आपापल्या गावात संध्याकाळी उघडे राहणारे वाचनालय आणि मुलींनाही निर्धास्तपणे खेळता येईल असे मैदान यांसाठी ग्रामपंचायतीकडे आग्रह धरा. साखर कारखान्याच्या हंगामात फडावर जा आणि चौदा वर्षांवरील मुलांचीही नोंद करा; चौदाच्या आतल्यांवर थांबू नका. आणि तिसरी, सर्वांत अवघड : आपल्या शिबिरात आलेल्या मुलाचा वेळही आपण गिळू नका. सतरंज्या उचलायला आणि घोषणा द्यायला पोरे हवीत, एवढ्यापुरता त्यांचा विचार करणारी संघटना मुकादमाहून फारशी वेगळी नसते.

मोठे होणे म्हणजे कामांची यादी वाढणे नव्हे. कोणते काम आपले, हे स्वतः ठरवता येणे आणि ठरवलेले निभावून नेणे, हे खरे मोठे होणे. ते शिकण्यासाठी मुलाच्या हाती काही तास असे असावे लागतात की, ज्यांचा जाब त्याला कोणी विचारणार नाही. श्रीमंताचे घर ते तास देऊ शकते, पण अनेकदा देत नाही. गरिबाला ते द्यावेसे वाटतात, पण देता येत नाहीत. पहिल्याशी आपल्याला बोलावे लागेल आणि दुसऱ्यासाठी लढावे लागेल. ही दोन्ही कामे एकाच चळवळीची आहेत.