साबणाच्या वडीत तेल किती उरतं?

आजचा भाग मी चांदूर रेल्वेहून, घरूनच रेकॉर्ड करतोय. मध्येच गाडीची शिट्टी ऐकू आली तर समजून घ्या, आपलं गावच रेल्वेचं आहे.

आजचा विषय आहे हाताने केलेला साबण आणि त्यातली तेलं, बटर वगैरे. तुम्ही म्हणाल, हा सॉफ्टवेअरवाला साबणावर काय बोलणार? बरोबर आहे. पण दोन वर्षांपूर्वी वर्क फ्रॉम होम घेऊन गावी आलो, तेव्हा मामीच्या बचत गटानं साबण करायचं ठरवलं होतं. मामी म्हणाली, "तू इंजिनिअर हायेस ना? मंग हिशेब तूच कर." केला. आणि चुकलो. ती चूक सांगायलाच हा भाग आहे.

आधी थोडं रसायन. तेल किंवा चरबी अधिक कॉस्टिक सोडा, म्हणजे साबण अधिक ग्लिसरीन. बस, एवढंच. साबणाची वडी साधारणपणे अशीच होते. आता गंमत अशी की प्रत्येक तेलाला लागणारा सोडा वेगळा. एक किलो खोबरेल तेलाला साधारण 183 ग्रॅम, सरकीच्या तेलाला 138 च्या आसपास, एरंडेलाला 128.

आमची पहिली रेसिपी होती पूर्ण खोबरेलाची. एक किलो तेलाला 174 ग्रॅम सोडा, म्हणजे पाच टक्के कमीच. का? तर थोडं तेल साबण न होता वडीत उरावं आणि कातडी कोरडी पडू नये. पुढच्या वेळी खोबरेल महाग पडतंय म्हणून मी अर्धं सरकीचं तेल घेतलं. आपण कापसाच्या मुलखातले, सरकीचं तेल आपल्या हक्काचं! पण सोड्याचा आकडा बदलायचा राहिला. नवीन मिश्रणाला सगळं मिळून 160 ग्रॅम पुरले असते. मी टाकले 174. तेरा-चौदा ग्रॅम सोडा तसाच मोकळा राहिला. आमच्या भाषेत सांगायचं तर, इनपुट बदललं आणि कॉन्स्टंट तोच ठेवला. वर टेस्टिंग न करता थेट प्रॉडक्शनला!

महिनाभरानं वड्या वाळल्या. पहिली वडी मामीनं घेतली. कापूस वेचून वेचून बोंडाच्या टोकांनी तिची बोटं आधीच चिरलेली. त्या चिरांत तो साबण किती झोंबला असेल, विचार करा. तीन दिवस ती काहीच बोलली नाही. चौथ्या दिवशी ताट वाढताना मला तिचे लालभडक हात दिसले. विचारलं तर म्हणे, "तुनं येवढं मेहनतीनं केलं, मंग कायले सांगू?"

त्या रात्री मी आख्खी बॅच फेकली आणि पहिल्यापासून वाचायला बसलो.

मग कळलं की तेलाचे फायदे असतात, पण जाहिरातीत सांगतात तसे नाही. साबण झाला की तेल हे तेल राहत नाही. वडी अंगावर असते जेमतेम मिनिटभर, मग मोरीत जाते. त्यामुळे "अमुक तेलातलं व्हिटॅमिन त्वचेत मुरतं" हे साबणाबाबत फार मनावर घेऊ नका. खरा फरक पडतो तो वेगळाच. खोबरेलानं वडी टणक होते, फेस भरपूर येतो, पण एकट्यानं ते कातडी कोरडी करतं. एरंडेल थोडंसंच घातलं तरी फेस टिकतो. सरकी आणि जवस साबण मऊ करतात, पण जास्त झाले तर वडी काही महिन्यांत खवट वास मारते. मेळघाटाकडे मोहाच्या बियांचं तेल निघतं. ते थंडीत थिजतं आणि साबणात शोभतं. आणि घरच्या साबणाचा मोठा फायदा म्हणजे तयार झालेलं ग्लिसरीन वडीतच राहतं. मोठ्या कारखान्यांत ते बरेचदा वेगळं काढून विकतात.

बटरचं काय? त्याचा उपयोग लावून ठेवायच्या गोष्टीत जास्त. शिया बटर येतं पश्चिम आफ्रिकेतून. आपल्याकडे कोकणात कोकमाच्या बियांचं घट्ट तेल पिढ्यान्‌पिढ्या भेगाळलेल्या टाचांना लावतात. मी तेच मागवलं, थोडं मेण घालून मलम केलं आणि मामीला दिलं. ओल्या हातावर लावलं की पाणी आत कोंडून राहतं, चिरा मऊ पडतात. फक्त हे 40 अंशांच्या आसपास वितळतं. आपल्या मे महिन्यात डबी खिशात ठेवू नका!

हे खूळ नवीन नाही, बरं का. इथून गाडीनं वर्ध्याला जा. तिथे 1934 मध्ये गांधीजींच्या पुढाकारानं अखिल भारत ग्रामोद्योग संघ सुरू झाला. कुमारप्पा त्याचे काम बघायचे. गावातलं तेल गावातच घाणीवर निघावं, हा त्यांचा आग्रह. 1938 मध्ये उघडलेलं मगन संग्रहालय आजही तिथे आहे. नक्की बघा.

आता घरी करणार असाल तर चार गोष्टी. सोडा नेहमी पाण्यात टाका, सोड्यावर पाणी कधीच ओतू नका, उसळतं. हातमोजे, चष्मा हवाच. ॲल्युमिनियमचं भांडं नको. आणि तेल बदललं की हिशेब नव्यानं करा, मापानं नाही, वजनानं.

शेवटचं. आमच्या लेबलवर मी मोठ्या हौसेनं "केमिकल फ्री" छापलं होतं. आमच्या वडीला कॉस्टिक सोडा लागतोच, मग ते खोटंच की! खरा साबण पीएच 5.5 चाही नसतो. तो 9-10 च्या घरातच असतो. शिवाय विकायचा तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. तो येईपर्यंत गटानं विक्री थांबवली. दिवाळीचा सीझन हातचा गेला. मी मामीला म्हटलं, नवीन लेबलवर सोडासुद्धा लिहू, पण मग कोणी घेईल का? ती म्हणाली, "खरं लिहून नाही इकलं तं नाही इकलं. आपले हात तं जळणार नाहीत."

सध्या वड्या घरातच वापरतोय. आता प्रत्येक बॅचची पहिली वडी मी वापरतो. मामी दुसरी घेते.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!