आईची सही



'माझी आई : एक वास्तुशिल्पज्ञ' हा विषय चालकांनी मला दिला, तेव्हा थोडी धास्तीच वाटली. मुलगा आईविषयी बोलू लागला की त्याचे स्तोत्र व्हायला वेळ लागत नाही. म्हणून तिच्या मायेविषयी मी आज बोलणार नाही. तिच्या धंद्याविषयी बोलेन.

स्त्रिया या धंद्यात आल्या त्याला फार काळ लोटलेला नाही. मुंबईच्या सर जे. जे.मधून पेरीन मिस्त्री यांनी १९३६ साली पदविका घेतली. उर्मिला युली चौधरी १९५१ पासून चंदिगढच्या उभारणीत होत्या. आई या दोहोंच्या मधल्या काळात जे. जे.त शिकली. मोठी नावे घेतली खरी, पण आई काही त्या पंक्तीतली नव्हे. तिने पुण्यात काही बंगले, दोन चाळी आणि एक शाळा एवढेच बांधले. 'बांधले' म्हणताना जीभ जरा अडखळते, कारण कागदोपत्री तिने त्यातले काहीच बांधले नाही. ती एका पेढीत नोकरीला होती. नकाशा ती काढी, ट्रेसिंगच्या कापडावर शाईने ती उतरवी, आणि खालच्या कोपऱ्यात सही होई मालकांची. आईची नुसती दोन आद्याक्षरे, तीही बारीक.

कामावर मात्र तिचा दरारा होता. म्हातारे गवंडी सांगत, "बाई, भिंत ओळंब्यात आहे." ती म्हणे, "असेल हो मामा, पण माझ्यासमोर एकदा ओळंबा सोडा." आणि ते सोडत.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे गेले आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर वगैरे भागांत निसन हट उभ्या राहिल्या. ती अर्धगोल घरे आपल्यापैकी कित्येकांनी पाहिली असतील. आई मला घेऊन तिकडे जाई. काम पेढीचे नव्हते. तिला बघायचे होते. भिंतच वाकडी, तेव्हा कपाट टेकत नाही, फळी ठोकता येत नाही. एक आजी तिला म्हणाल्या, "बाळ, देव कुठं ठेवू ते तेवढं सांग." आईने वही काढली आणि डबे, हंडे, पाटा, अंथरुणे कुठे ठेवली आहेत ते घरोघर टिपले. छप्पर लवकर द्यायचे होते, त्याबद्दल तिने कुणाला दोष दिला नाही. पण त्यानंतर तिच्या नकाशात स्वयंपाकघर आधी येऊ लागले आणि दिवाणखाना मागाहून.

बसून स्वयंपाक करणाऱ्या बायका तेव्हा उभ्याच्या ओट्याकडे वळत होत्या, आणि ओटा गवंड्याच्या अंदाजाने बांधला जाई. आई शेजारणींना कोपर दुमडायला लावी आणि जमिनीपासून माप घेई. आमच्या वाड्यात याची पुष्कळ थट्टा झाली. पेढीतही झाली, तिथली जरा बोचरी होती.

१९७२ साली वास्तुविशारदांचा कायदा झाला. त्यापूर्वी हवे त्याने पाटी लावावी, अशी स्थिती होती. नोंदणीला आईची पदविका पुरेशी होती. मालकांच्या शिफारशीचे कारण पडले नाही. नोंदणीचा क्रमांक आल्यावर तिने राजीनामा दिला आणि घराच्या पुढच्या खोलीत ड्रॉइंग बोर्ड मांडला. सिमेंटवर तेव्हा नियंत्रण होते. परमिटासाठी ती कचेरीत खेटे घाली, आणि कारकून विचारी, "साहेब नाही आले?"

तिची स्वतंत्रपणे केलेली पहिली इमारत तीनमजली, बारा बिऱ्हाडांची. आता ती पाडून तिथे उंच इमारत व्हायची आहे. सोसायटीचे चिटणीस मूळ नकाशा मागायला माझ्याकडे आले. मी तो उलगडला. कापड पिवळे पडले आहे, शाई शाबूत आहे. ओट्याची उंची इंचांत लिहिली आहे, देवाच्या कोनाड्याची खोली लिहिली आहे, आणि खालच्या कोपऱ्यात तिचे पूर्ण नाव आहे. चिटणिसांना मी प्रत काढून दिली. मूळ नकाशा माझ्याकडेच ठेवला आहे.