फुकटच्या कागदाची पुढे किंमत का होते?

आजचा विषय जरा लांबचा आहे, अमेरिकेतला. पण त्यात डबे आहेत, लेबलं आहेत, जत्रेसारख्या मेळाव्यात विकलेल्या वह्या आहेत, आणि एका बाईचं जवळजवळ पुसलं गेलेलं कामही आहे. म्हणून शेवटपर्यंत ऐका.

आधी खेळ समजून घेऊ. सारीपाटात सोंगट्या पटावर चालतात. या खेळात माणसंच सोंग घेतात. चारपाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट सांगतो, "तुम्ही गुहेच्या तोंडाशी आलात, आतून आवाज येतोय." बाकीच्यांपैकी कुणी योद्धा झालेला असतो, कुणी जादूगार. काय करायचं ते ज्याने त्याने ठरवायचं आणि जमलं की नाही ते फाशांनी. डाव एका बैठकीत संपत नाही, महिनोन्‌महिने चालतो.

अशा खेळांत छापून विक्रीला आलेला पहिला खेळ म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो रचला. 1974 साली विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावातून 'टीएसआर' नावाच्या नवख्या कंपनीने तो काढला. पहिल्या खेपेला 1,000 डबे. किंमत 10 डॉलर. हाताखाली कामगार नव्हते, तेव्हा घरीच बसून पुस्तिका डब्यात भरल्या आणि लेबलं हाताने चिकटवली. आपल्या गटात पापडाची पाकिटं भरतो ना, अगदी तसं. आज त्या पहिल्या 1,000 मधला चांगल्या स्थितीतला डबा मिळाला, तर संग्राहक हजारो डॉलर मोजतात.

पण संग्राहकांचा जीव खऱ्या अर्थाने अडकतो तो जाहिरातीसाठी, मेळाव्यासाठी किंवा तात्पुरत्या सोयीसाठी छापलेल्या वस्तूंत. एक उदाहरण घ्या. 1979 च्या सुमारास कंपनीला फाशांचा तुटवडा पडला. मग डब्यात फाशांऐवजी आकडे छापलेला कागद घातला. चौकोन कापायचे, वाटीत टाकायचे आणि चिठ्ठी काढावी तसा आकडा काढायचा. सोबत एक कूपन, फासे आले की मागवायला. लोकांनी कागद कापला, कूपन पाठवलं. वस्तूचा उपयोगच तो होता. म्हणून न कापलेला कागद आणि न वापरलेलं कूपन असलेला डबा आज लोक शोधत फिरतात.

दुसरं उदाहरण. 1979 साली 'ओरिजिन्स' नावाच्या खेळांच्या मोठ्या मेळाव्यात स्पर्धेसाठी एक गोष्ट लिहिली गेली, 'लॉस्ट टामोआचान'. तिच्या फक्त 300 प्रती काढल्या. पुढच्याच वर्षी तीच गोष्ट थोड्या वेगळ्या नावाने, नीट बांधून, दुकानांत आली. दुकानातली प्रत आजही सहज मिळते. मेळाव्यातली मात्र दुर्मिळ. गोष्ट तीच, पण एक हजारोंनी छापली आणि दुसरी 300.

इंग्लंडमध्येही असंच घडलं. 1986 साली स्टोक-ऑन-ट्रेंट शहरात, जुन्या पोलाद कारखान्याच्या जागेवर, मोठा बागांचा उत्सव भरला. त्या उत्सवासाठी 'अप द गार्डन पाथ' ही खास पुस्तिका निघाली. उत्सव संपला, पुस्तिकाही संपली. आज ती या छंदातल्या सर्वांत दुर्मिळ पुस्तिकांत गणली जाते.

आता त्या बाईंची गोष्ट. त्यांचं नाव जीन वेल्स. टीएसआरच्या खेळ रचणाऱ्या विभागात नोकरीला घेतलेली ती पहिली स्त्री. कंपनीच्या मासिकात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देणारं सदर तिने सुरू केलं. मग तिने 'पॅलेस ऑफ द सिल्व्हर प्रिन्सेस' नावाची गोष्ट रचली. नारिंगी कव्हर घालून ती छापून झाली. पण आतल्या काही चित्रांवर वरिष्ठांनी आक्षेप घेतला आणि पुस्तिका परत मागवली. बहुतेक प्रती नष्ट केल्या. 1981 मध्ये टॉम मोल्डवे या सहकाऱ्याने बरंच बदलून लिहिलेली हिरव्या कव्हरची पुस्तिका बाजारात आली.

नारिंगी पुस्तिकेच्या थोड्या प्रती कुणाकुणाच्या कपाटात राहिल्या. तेवढ्या प्रतींमुळेच जीन वेल्सने मुळात काय लिहिलं होतं ते कळतं. पुढे, खेळाचे हक्क दुसऱ्या कंपनीकडे गेल्यावर, मूळ पुस्तिका इंटरनेटवर सगळ्यांना फुकट वाचायला ठेवली गेली. जुना कागद जपणं म्हणजे काय, ते इथे दिसतं. कागद उरला म्हणून तिचं काम उरलं.

या छंदात फसवणूकही होते. जुन्या पुस्तिकेची झेरॉक्स काढून खरी म्हणून विकतात. म्हणून जाणकार आधी कागद बघतात, छपाई बघतात, पिना बघतात, खऱ्या प्रतीशी ताडून पाहतात. आणि विचारतात, "ही तुमच्याकडे आली कुठून?" मूळ मालक कोण, कुठल्या मेळाव्यात घेतली, हे लिहून ठेवलेलं असलं की वस्तूवर विश्वास बसतो.

जपण्याचे नियम साधे आहेत. लॅमिनेशन करायचं नाही, कागद कायमचा अडकतो. चिकटपट्टी लावायची नाही, ती काही वर्षांत पिवळी पडते आणि डाग सोडते. घडी न घालता सपाट ठेवायचं. ऊन, ओल आणि वाळवी लागू द्यायची नाही. मागे काही लिहायचंच तर हलक्या हाताने पेन्सिलने, पेनाने नाही.

मैत्रिणींनो, हे खेळ आपल्यापैकी बहुतेकींनी पाहिलेले नसतील. पण गटाचं पहिलं लेबल, प्रदर्शनात वाटलेलं पहिलं पत्रक, पहिलं पावतीपुस्तक आपल्याकडेही असतं. नवं छापून आलं की जुनं आपण चुलीत घालतो. त्याला उद्या पैसे येतील असं मी म्हणत नाही, बहुधा येणार नाहीत. पण दहा वर्षांनी कुणी विचारलं, "हा मसाला पहिल्यांदा कुणी केला? हिशोब कुणी लिहिला?" तर दाखवायला काहीतरी हवं. नाहीतर काम एकीचं राहतं आणि नाव भलत्याचंच लागतं.

तेव्हा येत्या बैठकीत एक करा. प्रत्येक छापील वस्तूची एक प्रत बाजूला काढा. सोबत एका चिठ्ठीवर तारीख लिहा, कुठे वापरली ते लिहा, आणि ज्या ज्या बायांनी ते काम केलं त्यांची नावं लिहा. सगळ्यांची, एकही न गाळता. आणि ते पाकीट गटाच्या दप्तरात, कोरड्या जागी ठेवा.