दादीची परीक्षा कोणत्या भाषेत?



मी सॉफ्टवेअरवाला आहे, डॉक्टर नाही. पण आमच्या कामात एक सवय लागते. चाचणी नापास झाली की प्रोग्रॅम चुकला असं लगेच मानायचं नाही, आधी चाचणी नीट लिहिली आहे का ते बघायचं. डिमेन्शियाबद्दल, म्हणजे स्मृतिभ्रंशाबद्दल वाचताना ही सवय कामी आली.

१९७५ साली अमेरिकेत फोलस्टाइन दांपत्य आणि मॅकह्यू यांनी ३० गुणांची एक छोटी चाचणी आणली. आज तारीख काय, १०० मधून सात-सात वजा करा, कागदावर लिहिलंय ते वाचून तसं करा, एक वाक्य लिहा. ती जगभर चालली. आता हीच चाचणी कधी शाळेतच न गेलेल्या दादीला द्या. आठवड्याचा बाजार, कोणाचे किती देणे, सगळं तिच्या तोंडपाठ. तरी गुण कमीच पडणार. मग पाटी हातात न मिळाल्याची शिक्षा तिला म्हातारपणी दुसऱ्यांदा.

हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत संशोधकांनी १९९० च्या दशकात यावर काम केलं आणि चाचणीचं हिंदी रूप बनवलं. वाचून डोळे मिटण्याऐवजी, मी करतो तसं करा. वाक्य लिहिण्याऐवजी, तुमच्या घराबद्दल एक वाक्य सांगा. मला हे फार आवडलं. अक्षरओळखीची अट काढली.

पुढे 'लासी-डॅड' या देशव्यापी अभ्यासात हे हिंदी रूप वापरलं गेलं, आणि घरच्या माणसालाही विचारलं गेलं की यांच्यात काय बदललं. २०२३ मध्ये आलेल्या त्याच्या अंदाजानुसार साठीपुढच्या भारतीयांत ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे. बायकांत जास्त, खेड्यांत जास्त. शिक्षण न मिळणं हा स्वतःच एक धोका आहे. २०२४ च्या लॅन्सेट आयोगाने बदलता येण्यासारखे १४ धोके मोजले, त्यात तो आहे. बहिरेपण, मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान, एकटेपण हेही त्याच यादीत. कानाचं यंत्र लावायला लाजणारे आजोबा प्रत्येक मोहल्ल्यात सापडतील!

आपल्या घरांत आणखी एक गाठ आहे. दादी बोलते दखनी किंवा कोकणी, डॉक्टर विचारतात मराठीत, चिठ्ठी इंग्रजीत. मधे उभे असता तुम्ही. म्हणून दवाखान्यात जाण्याआधी महिनाभर वहीत लिहा: काय घडलं, किती वाजता, त्याआधी काय झालं होतं. आम्ही बगची नोंद करतो अगदी तशी. "विसरते" एवढ्यावर डॉक्टरांना काही कळत नाही. "नमाज तोंडपाठ आहे, पण किती रकात झाल्या ते हल्ली आठवत नाही" यावर कळतं. जुनं पाठ टिकतं, ताजं निसटतं.

"वय झालं, चालायचंच" म्हणून घरी बसवू नका. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य यांनीही विसर पडतो, आणि त्यावर औषध आहे. एक-दोन दिवसांत अचानक भ्रम झाला तर थांबूच नका, संसर्ग असू शकतो, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि सांभाळणारी बहुतेक घरांत सून किंवा मुलगी असते. तिची झोप कोणी मोजत नाही. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक तिच्यासाठीही आहे. निदान रात्रीची एक पाळी घरातल्या मुलांनी वाटून घ्यावी, आजपासूनच.