एका नटाच्या मृत्यूनंतर



सुशांतसिंह राजपूत या नटाचा मृत्यू १४ जून २०२० रोजी वांद्र्यातील राहत्या घरी झाला. वय अवघे ३४ वर्षांचे. टाळेबंदीने माणसे घरांत कोंडली होती, हातचे काम गेले होते, आणि मन गुंतवायला समोर दूरचित्रवाणीचा पडदा तेवढा उरला होता. अशा दिवसांत ही बातमी आली. त्यानंतर देशभर, विशेषतः उत्तरेकडील लहान शहरांत, जी हळहळ उमटली ती खोटी नव्हती. पाटण्याचा मुलगा, अभियांत्रिकीचे शिक्षण अर्ध्यावर सोडून अभिनयाकडे वळलेला, कोणत्याही चित्रपट-घराण्याचा वारस नसलेला. ‘पवित्र रिश्ता’ या मालिकेत त्याने मानव देशमुख हा मराठी मेकॅनिक घरोघर पोहोचवला आणि २०१६ साली पडद्यावर महेंद्रसिंह धोनी उभा केला. ज्यांच्यापाशी वशिला नाही, पैसा नाही, अशा असंख्य तरुणांनी त्याच्या यशात स्वतःची उमेद पाहिली होती. तो गेल्यावर घराणेशाहीविरुद्ध जो संताप उसळला, त्याच्या मुळाशी रास्त गाऱ्हाणे होते. त्या संतापाची कुचेष्टा करणारे पुरोगामी कमी नव्हते. ते चुकले, कारण त्यांनी मोकळी सोडलेली जागा लगेचच इतरांनी बळकावली.

संताप हा कच्चा माल असतो, आणि त्यावर प्रक्रिया करून नफा काढणारे दोन कारखाने तयार होते. जुलैच्या अखेरीस मृताच्या वडिलांनी पाटण्यात तक्रार नोंदवली. तीत आरोप होता तो आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा आणि पैशांच्या अफरातफरीचा. वृत्तवाहिन्यांना तेवढ्याने भागणार नव्हते. त्यांना खून हवा होता आणि खुनी हवा होता. रिया चक्रवर्ती या अभिनेत्रीच्या रूपाने तो त्यांना सापडला. त्यानंतर केंद्रीय अन्वेषण विभाग, सक्तवसुली संचालनालय आणि अमली पदार्थ नियंत्रण विभाग अशा तीन केंद्रीय यंत्रणा एका मृत्यूभोवती फिरू लागल्या. या स्त्रीचे खासगी संदेश रात्रीच्या चर्चेत मोठ्याने वाचले गेले. बंगाली बायका पुरुषांवर जादूटोणा करतात, हे मध्ययुगीन बरळणे समाजमाध्यमांवर सर्रास चालले. बॅलार्ड इस्टेटमधील कार्यालयात ती चौकशीला आली तेव्हा कॅमेरावाल्यांनी तिला जे घेरले, ते दृश्य पाहणाऱ्याला लोकशाहीतील वृत्तसंस्थांपेक्षा गावकुसाबाहेर हाकलल्या जाणाऱ्या ‘चेटकिणी’ची आठवण व्हावी. ८ सप्टेंबरला तिला अटक झाली. ७ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने जामीन दिला. तोवर भायखळ्याच्या तुरुंगात जवळजवळ एक महिना गेला होता.

दुसरा कारखाना राजकारणाचा. बिहारमध्ये विधानसभेची निवडणूक तोंडावर होती. ‘विसरलो नाही, विसरू देणार नाही’ अशा अर्थाची, मृत नटाचे छायाचित्र असलेली स्टिकरे भारतीय जनता पक्षाच्या तेथील सांस्कृतिक आघाडीने छापून वाटली. इकडे मुंबईचा कारभारही निष्कलंक नव्हता. तपासासाठी आलेल्या बिहारच्या पोलीस अधिकाऱ्याला महापालिकेने विलगीकरणात बसवले, आणि संशयाला आयतेच खतपाणी मिळाले. एका कुटुंबाचा शोक दोन राज्यांच्या अस्मितेचा झगडा होऊन बसला.

भारतीय पत्रपरिषदेने ऑगस्टच्या अखेरीस समांतर खटला चालवू नका, असे बजावले. त्याचा परिणाम शून्य. मुंबईच्या माजी वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांना न्यायालयाची पायरी चढावी लागली. १८ जानेवारी २०२१ रोजी उच्च न्यायालयाने दोन वाहिन्यांचे वार्तांकन सकृतदर्शनी न्यायालयाचा अवमान करणारे ठरवले. कारवाई मात्र केली नाही. आत्महत्येचे वृत्त देताना मृत व्यक्तीला दुबळ्या मनाची म्हणून रंगवू नये, असेही त्या निकालात सांगितले आहे. हे सांगावे लागले, यातच त्या उन्हाळ्या-पावसाळ्यात काय काय घडले ते आले.

या सर्व गदारोळात एक शब्द कोणालाच नको होता, आणि तो शब्द आत्महत्या हा होता. हसरा, यशस्वी, धडधाकट माणूस आतून खचू शकतो, हे मान्य करण्यापेक्षा कटाची कथा सोपी वाटते. मनाचा आजार म्हणजे कुटुंबाची नामुष्की, ही समजूत सुशिक्षित घरांतही पक्की आहे. त्या समजुतीला वाहिन्यांनी खुनाची पळवाट दिली. याच नटाचा २०१९ सालचा ‘छिछोरे’ हा चित्रपट परीक्षेतील अपयशाने जीव द्यायला निघालेल्या मुलाला जगवण्याविषयी होता. त्याची आठवण अनेकांनी काढली, पण केवळ ‘असा चित्रपट करणारा माणूस असे करेलच कसे’ या युक्तिवादासाठी.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२० या एका वर्षात देशात १,५३,०५२ माणसांनी आत्महत्या केली. त्यांपैकी ३७,६६६ रोजंदारीवर जगणारी होती. शेतकरी आणि शेतमजूर मिळून १०,६७७ होते. राज्यवार पाहता सर्वांत मोठा आकडा महाराष्ट्राचा आहे : १९,९०९. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमासाठी त्या वर्षीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात तरतूद होती ४० कोटी रुपयांची. म्हणजे माणशी साधारण ३० पैसे. महिनोन्‌महिने रात्ररात्र चाललेल्या त्या चर्चांत हा आकडा मांडून एखाद्या मंत्र्याला धारेवर धरले असते, तर मृताचा त्याहून मोठा सन्मान झाला नसता. आजारी मनाला जिल्ह्याच्या गावी डॉक्टर मिळतो का, आणि काम गेलेल्या मजुराला कर्जाच्या हप्त्यातून सवलत मिळते का, हे प्रश्न त्या नटावर प्रेम करणाऱ्या पाटण्या-पूर्णियातील मुलांचेही होते. त्यांच्या हाती स्टिकर देण्यात आले.

अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या वैद्यकीय पथकाने ऑक्टोबर २०२० मध्येच खुनाची शक्यता फेटाळली होती. बिहारची निवडणूक त्यापुढच्या महिन्यात पार पडली. केंद्रीय अन्वेषण विभागाने तपास बंद करण्याचा अहवाल न्यायालयात सादर केला तो मार्च २०२५ मध्ये.